पौष, पितळ आणि गंगापूर रोड: एका कॉलेजातल्या ब्रास महोत्सवाची केस

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या कॉलेजने जानेवारीत तीन दिवसांचा ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा, महोत्सव भरवला. शुक्रवार ते रविवार. कॅम्पसवर दोन जागा, म्हणजे मैदानावरचा उघडा स्टेज आणि आतला सेमिनार हॉल, आणि रविवारचा शेवटचा कार्यक्रम शालिमारला महाकवी कालिदास कलामंदिरात. कॉलेजचं नाव घेत नाही कारण तिथली बरीच माणसं ओळखीची आहेत आणि काहींना हे वाचून राग येणार हे नक्की. मी तिथलाच माजी विद्यार्थी, आणि राहतो कॉलेजच्या भिंतीला लागून दुसऱ्या सोसायटीत, म्हणजे ज्या सोसायटीने पहिल्याच रात्री 112 ला फोन केला तिच्यातच. त्यामुळे मधे पडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं आणि दोन्हीकडचं ऐकायला मिळालं.

नाशिक म्हटलं की लोकांना ढोल आठवतो. ब्रास बॅन्ड आठवतो तो लग्नात घोड्यापुढे चालणारा, आणि तोही आता डीजेने बराच खाल्लाय. पण नीट बघितलं तर इथे ब्रास वाजवणारी माणसं कमी नाहीत. शाळा-कॉलेजांचे बॅन्ड आहेत, देवळालीला तोफखान्यामुळे फौजी बॅन्डची सवय जुनी आहे, आणि सिन्नर, निफाड, जुनं नाशिक इथे लग्नाचे बॅन्ड अजून टिकून आहेत. हे तिन्ही प्रकारचे लोक एका आवारात आणायचे अशी कॉलेजच्या म्युझिक कमिटीची आयडिया. आयडिया चांगलीच होती, त्यात वाद नाही.

तारीख कशी ठरली

कमिटीने आधी फेब्रुवारीतला दुसरा वीकेंड काढला होता. थंडी कमी, प्रॅक्टिकल्स नाहीत, पाहुणे मोकळे. मग सिन्नरच्या एका बॅन्डमास्तरांना फोन गेला. मास्तर म्हणाले, "सर, त्या शनिवारी मुहूर्त आहे. माझ्याकडे दोन सुपाऱ्या आहेत, निफाडवाल्याकडं तीन असतील. तुमच्याकडं कोण येणार वाजवायला?"

हे कमिटीतल्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. शाळेच्या बॅन्डला कुठलीही तारीख चालते, लग्नाच्या बॅन्डला पंचांग बघावं लागतं. वर्षाची कमाई लग्नसराईतल्या मोजक्या तारखांना होते, त्यातली एक सोडून कोण येईल कॉलेजात? मास्तरांनीच सुचवलं, पौषात घ्या. पौषात आपल्याकडे लग्नं लावत नाहीत, सगळे बॅन्डवाले घरी बसलेले असतात, पैसेही कमी घेतील. तर तारीख पौषात गेली, म्हणजे जानेवारीत. पुढे तीन दिवसांत जे काही बिघडलं आणि जे काही सावरलं त्यातलं निम्मं ह्या एका निर्णयातून आलं, म्हणून हे आधी सांगितलं.

अजून एक वाद सुरुवातीलाच झाला. नियमात लिहिलं होतं फक्त ब्रास. ब्रास म्हणजे ज्यात ओठ थरथरवून सूर निघतो ते वाद्य: ट्रम्पेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, हॉर्न, युफोनियम, ट्युबा. सॅक्सोफोन पितळेचाच असतो पण त्यात बोरूची पत्ती असते म्हणून तो ह्यात बसत नाही, क्लॅरिनेट तर नाहीच. आता लग्नाच्या बॅन्डमधे गाण्याची चाल बहुतेक वेळा क्लॅरिनेटच धरतो! नियम तसाच ठेवला असता तर बॅन्डचा तोंडवळाच कापला गेला असता. शेवटी क्लॅरिनेट आणि सॅक्स चालतील असं ठरलं, एका फौजी काकांनी शेवटपर्यंत नाक मुरडलं ते सोडा.

शुक्रवार: सकाळचा सूर आणि रात्रीचा फोन

शुक्रवारी सकाळी साडेसातला उद्घाटन, उघड्या स्टेजवर. जानेवारीतली नाशिकची सकाळ म्हणजे काय ते नाशिककरांना सांगायला नको. म्युझिक डिपार्टमेंटच्या पोरांनी एक अभंग बसवला होता, हार्मोनियम, तबला आणि सोबत सहा ब्रास. बी फ्लॅट ट्रम्पेट म्हणजे आपली काळी पाच (हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी), म्हणून अभंगही काळी पाचलाच धरलेला, रिहर्सल आतल्या हॉलमधे झालेली, सगळं व्यवस्थित. स्टेजवर पहिलाच सूर लागला आणि पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघायला लागले, कारण ट्रम्पेट सरळ सरळ उतरलेले होते.

कारण साधं आहे. ब्रासमधे सूर आतल्या हवेच्या नळीतून येतो आणि गार हवेत ध्वनी हळू जातो, 0 अंशाला सेकंदाला साधारण 331 मीटर आणि 30 अंशाला 349 च्या आसपास. आतली हवा 10 अंशांनी गार झाली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा खाली येतो. वाजवत राहिलं की श्वासाने नळी तापते आणि फरक कमी होतो, पण पोरं वाद्यं मांडीवर घेऊन दीपप्रज्वलन आणि भाषणं ऐकत बसली होती अर्धा-पाऊण तास. हार्मोनियमच्या पत्त्यांना थंडीने असा काही फरक पडत नाही, ती बसली आपल्या जागी घट्ट.

एक पोरगी, ट्रम्पेटवाली, सारखी ट्युनिंग स्लाईड आत ढकलत होती. ही स्लाईड बाहेर ओढली की नळी लांबते, सूर उतरतो, आत ढकलली की चढतो. पण ती आधीच पूर्ण आत गेलेली होती, पितळ पितळेला टेकलेलं, अंगठ्याने दाबून काही होणार नव्हतं. मागे उभे असलेले सिन्नरचे मास्तर तिला म्हणाले, "पोरी, दाबू नको, फुंक. नुसती गरम हवा फुंक आत, आवाज न काढता." तिने आणि बाकीच्यांनी दुसऱ्या कडव्याच्या आधी तसं केलं, तबलेवाल्याने तेवढा वेळ ठेका लांबवला, आणि मग जरा जवळ आलं. पूर्ण नाही, पण ऐकवत होतं.

दिवसभर बाकी ठीक गेलं. संध्याकाळी गर्दी वाढली आणि साउंडवाल्याने, ज्याला नेहमी गरब्याची आणि गॅदरिंगची कामं असतात, प्रत्येक बॅन्डपुढे चार-चार माईक लावले आणि दोन्ही बाजूला स्पीकरच्या उभ्या माळा. ब्रासला माईक! वीस-पंचवीस जण जोरात वाजवत असतील तर त्यांना मैदानावर माईकची गरजच नसते, पण कंत्राटात लिहिलेलं होतं म्हणून लावले. त्यात स्टेजचं तोंड आमच्या सोसायटीकडे, आणि सोसायटीला लागून एक छोटं हॉस्पिटल. कार्यक्रम रेंगाळला, दहा वाजून गेले, निफाडचा बॅन्ड पूर्ण फॉर्मात, लोक नाचतायत, आणि आमच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज. सव्वादहाला पोलीस आले, कार्यक्रम बंद.

नियम काय म्हणतो

ह्याबद्दल कॅम्पसवर रात्री बरीच उलटसुलट बडबड झाली म्हणून नीट लिहितो. ध्वनी प्रदूषण नियम 2000 सालचे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर नाही, आणि फक्त लाउडस्पीकरच नाही तर वाद्यंही नाही. "आमचं तर अकुस्टिक आहे" हा युक्तिवाद म्हणून चालत नाही. बंद सभागृहात चालतं. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट ह्यांच्या भोवतीचा 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि तिथे मर्यादा दिवसा 50, रात्री 40. म्हणजे गंमत बघा, ज्या कॉलेजच्या शांततेसाठी नियम आहे तेच कॉलेज आवाज करतंय. राज्य सरकार वर्षातून 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस गणपती, नवरात्र अशा सणांना जातात, एका कॉलेजच्या ब्रासला कोण देणार.

आता गणित. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. भरलेला बॅन्ड 10 मीटरवर 90 देत असेल तर 20 वर 84, 40 वर 78, 80 वर 72, 160 वर 66. आमची सोसायटी स्टेजपासून 80 मीटरच्या आसपास. म्हणजे एकही स्पीकर न लावता, भर दिवसा सुद्धा, 55 चा आकडा पाळणं अशक्य आहे. आणि डीजेला निदान नॉब असतो, ट्रम्पेटला नॉब नसतो. हळू वाजवा म्हटलं तर चांगला वादक हळू वाजवतो, पण लग्नात वर्षानुवर्षं उघड्या रस्त्यावर फुंकलेल्या माणसाला तुम्ही हळू वाजव म्हणताय म्हणजे वाजवू नको म्हणताय.

रात्रीची मीटिंग

पावणेबाराला प्राचार्यांच्या केबिनमधे बसलो. प्राचार्य, कमिटीचे दोन सर, पोलीस स्टेशनचे एक साहेब, आमचे सेक्रेटरी काका आणि मी. साउंडवाला बाहेर व्हरांड्यात. काका चांगलेच तापलेले, त्यांचं म्हणणं होतं की उद्यापासून मैदान बंद. सरांचं म्हणणं, बाहेरगावहून लोक आलेत, त्यांना परत कसं पाठवू. साहेब शांत होते, त्यांनी एवढंच सांगितलं की तक्रार परत आली तर मला कारवाई करावी लागेल, मग तुम्ही काय ते बघा.

तोडगा निघाला तो देवळालीच्या एका निवृत्त फौजी वादकामुळे, ज्यांना सरांनी झोपेतून उठवून आणलं होतं. ते म्हणाले, स्टेज फिरवा. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनचा वरचा, टोचणारा आवाज भोंग्याच्या, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडाच्या, सरळ रेषेत जातो, बाजूला आणि मागे बराच कमी होतो. भोंगे सोसायटीकडून काढून नदीकडे वळवा. त्या बाजूला गोदावरी आणि पलीकडे मखमलाबाद शिवारातले मळे, माणसं लांब. ट्युबाचा भोंगा वर असतो, त्याचा घुमारा कुठेही जाणार, त्याला इलाज नाही, पण त्या जाड आवाजाने कोणी फोन करत नाही, फोन होतो तो ट्रम्पेटमुळे. आणि फ्रेंच हॉर्नचा भोंगा वादकाच्या मागे असतो, म्हणजे स्टेज फिरवला की नेमका हॉर्न सोसायटीकडे तोंड करणार! मग हॉर्नवाल्यांच्या मागे प्लायवूड उभं करायचं ठरलं.

बाकी मग पटापट झालं. माईक फक्त निवेदिकेला. मैदान संध्याकाळी साडेसातला बंद. त्यानंतरचं सगळं सेमिनार हॉलमधे, दारं-खिडक्या लावून. वॉर्म-अप मैदानावर किंवा झाडाखाली कोणी करायचा नाही, कारण खरं सांगायचं तर काकांना बॅन्डपेक्षा त्याचाच जास्त त्रास होता, एकच ओळ दुपारभर पंधरा जण पंधरा प्रकारे वाजवतायत.

शनिवारी सकाळी स्टेज फिरवायला मांडववाल्याने चिक्कार कुरकुर केली पण फिरवला. संध्याकाळी आमच्या गच्चीवर मी मोबाईलच्या ॲपवर बघितलं, ते माप कोर्टात टिकणार नाही पण अंदाज येतो: शुक्रवारी 80 च्या आसपास जात होतं, शनिवारी साठ-बासष्ट. कायद्याच्या आकड्याच्या वरच. पण साडेसातला थांबणार हे माहीत असल्यामुळे कोणी काही बोललं नाही, उलट चार-पाच बिऱ्हाडं खुर्च्या घेऊन गच्चीवर येऊन बसली.

पडद्यामागचा परीक्षक

शनिवारी दुपारी स्पर्धा होती आणि तिची पद्धत इंग्लंडवरून उचललेली. तिकडे उत्तरेत सॅडलवर्थच्या भागात व्हिट फ्रायडेला, म्हणजे पेंटेकॉस्ट ह्या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारी, ब्रास बॅन्ड गावागावांतून मार्च करत जातात आणि प्रत्येक गावात एक तुकडा वाजवतात, परीक्षक बंद जागेत बसलेला असतो, त्याला कोण वाजवतंय ते दिसत नाही. इथे गेटपासून लायब्ररीपर्यंत मार्च आणि लायब्ररीसमोर एक तुकडा, परीक्षक वॉचमनच्या केबिनमधे, काचांना आतून जुने बॅनर लावलेले.

हे फार बरं केलं. समोर दिसत असतं तर ब्लेझरवाली कॉलेजची पोरं आणि खांद्यावर सोनेरी झालरी, लाल कोट, पायात चपला असा लग्नाचा बॅन्ड, ह्यात मार्क कुठे गेले असते ते सांगायला नको. निकालात पहिला नंबर एका शाळेच्या बॅन्डला गेला, दुसरा सिन्नरच्या मास्तरांना. परीक्षकाने मास्तरांच्या शेऱ्यात लिहिलं होतं की ताल आणि दम सगळ्यात चांगला, सूर वाद्यावाद्यांत जुळत नाही. बरोबरच होतं. त्यांच्या बॅन्डमधली बहुतेक वाद्यं मेरठच्या जली कोठी ह्या बॅन्डच्या वाद्यांच्या बाजारातली, जुनी, वेगवेगळ्या वेळी घेतलेली, दोन ट्रम्पेटच्या भोंग्यांना पोचे, एकाच्या वॉल्व्हला रबरबँड. मास्तरांना त्याचं वाईट वाटलं नाही, ते म्हणाले नवीन घ्यायला पैसे कुठेत.

रविवार: परीक्षा केंद्र आणि मंगल कार्यालय

शनिवारी रात्री आठला कळलं की रविवारी कॉलेजची मुख्य इमारत स्पर्धा परीक्षेचं केंद्र आहे. खरं तर महिन्यापूर्वीच पत्र आलेलं होतं, परीक्षा विभागाला माहीत होतं, म्युझिक कमिटीला नाही. एकाच मजल्यावरची दोन ऑफिसं. असो. म्हणजे रविवारी सकाळी कॅम्पसवर एकही सूर नाही, आणि कालिदास मिळालेलं संध्याकाळच्या सत्राला. नाट्यगृह सत्राने मिळतं, आधीचं सत्र दुसऱ्या कोणाचं तरी, तुम्हाला आत जायला मिळतं सत्र सुरू झाल्यावर. मग एवढ्या वादकांनी तोपर्यंत बसायचं कुठे आणि ओठ तापवायचे कुठे?

पहिल्या रात्रीचा गोंधळ सगळ्यांना दिसला म्हणून त्याची चर्चा झाली, पण माझ्या मते ह्या केसमधला खरा पेच हा होता. ब्रास वाजवणाऱ्याला स्टेज शेवटी लागतो, त्याच्या आधी खोल्या लागतात. थंड ओठांनी वरचे सूर निघत नाहीत, जबरदस्ती केली तर तासाभरात ओठ बसतात आणि मग दिवस गेला. ट्युबा आणि ट्रम्पेट एका खोलीत कोंबले तर कोणाला स्वतःचा सूर ऐकू येत नाही. शिवाय आवाज: 85 डेसिबल आठ तास चालतो असं धरतात, पण प्रत्येक 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते, 100 ला फक्त 15 मिनिटं. छोट्या खोलीत चार ट्रम्पेट 100 सहज गाठतात.

कमिटीतल्या एका मॅडमना सुचलं की मंगल कार्यालय बघू. पौष ना! गंगापूर रोडवरची सगळी कार्यालयं रिकामी. एरवी लग्नसराईत तारीख मिळायची नाही ते कार्यालय एका फोनवर मिळालं, तेही नुसत्या लाईट आणि सफाईच्या पैशात. वधूपक्षाच्या खोल्या ट्रम्पेट-कॉर्नेटला, वरपक्षाच्या ट्रॉम्बोन-हॉर्नला, जेवणाचा हॉल ट्युबा आणि ढोलवाल्यांना. गाद्या घातलेल्याच होत्या, त्यांनी आवाजही बराच पिला. आचारी सुद्धा मोकळा होता, त्याने दुपारी पिठलं-भाकरी आणि ठेचा केला.

मॅनेजरची एकच काळजी होती, फरशी. ब्रास वाजवताना श्वासातली वाफ आत थंड होऊन पाणी साचतं, खालच्या छोट्या चावीतून ते काढावं लागतं, लोक त्याला थुंकी समजतात पण बहुतेक पाणीच असतं. प्रत्येक खुर्चीखाली जुने पेपर अंथरले. चारपर्यंत पेपर ओले होऊन फरशीला चिकटलेले, शाळेच्या पोरांनी ते खरवडून काढले.

निफाडचे एक वयस्क वादक वरपक्षाच्या खोलीत गादीवर टेकून बसले होते आणि म्हणत होते, चाळीस वर्षं ह्याच कार्यालयाच्या गेटवर वाजवतोय, आत पहिल्यांदा आलो. आणि मग लगेच विचारलं, चहा परत मिळेल का?

कालिदासचा कार्यक्रम चांगला झाला. नाटकाच्या स्टेजवर ब्रास घेताना एक बघावं लागतं: पडदे, विंगा आणि झालरी आवाज पितात, मागे बसलेला बॅन्ड दबतो. म्हणून सगळे पुढे, मुख्य पडद्याच्या रेषेपर्यंत आणून बसवले, आणि हॉर्नच्या मागचं ते प्लायवूड मैदानावरून टेम्पोत घालून इथे आणलं, तिथे ते आवाज अडवायला होतं, इथे तेच आवाज प्रेक्षकांकडे परतवायला. शुक्रवारचा अभंग परत घेतला. ह्या वेळी पोरांनी विंगेत उभं राहून आवाज न काढता फुंकत वाद्यं तापवून ठेवली होती आणि सूर पहिल्यापासून लागला.

जे राहिलं ते

पैशांचं राहिलं. लग्नाचा बॅन्ड विसार घेऊन सुपारी धरतो आणि उरलेले पैसे वाजवून झाल्यावर त्याच रात्री रोख, ही त्यांची पद्धत. कॉलेजची पद्धत बिल, पॅन, बँकेचं खातं, तीन सह्या. शाळा-कॉलेजच्या बॅन्डना फरक पडला नाही, त्यांना मानधनापेक्षा सर्टिफिकेट हवं होतं. मास्तरांचे पैसे होळी झाल्यावर आले, तेही टीडीएस कापून, आणि बॅन्डमधल्या बाकीच्यांना त्यांनी तोपर्यंत स्वतःच्या खिशातून दिले होते.

पुढच्या वर्षी परत करायचं ठरतंय. सोसायटीने पत्र दिलंय की साडेसातची वेळ आणि नदीकडे तोंड असेल तर हरकत नाही, मंगल कार्यालयवाल्याने पौषातला वीकेंड आत्ताच लिहून ठेवलाय, परीक्षा विभागाकडून केंद्राच्या तारखा मागवल्यात. मास्तरांनी होकार दिलाय पण अट घालून: अर्धे पैसे आधी, रोख, आणि उद्घाटनाची भाषणं वाजवून झाल्यावर. भाषणांचं प्राचार्यांनी लगेच मान्य केलं. रोख पैशांच्या अटीवर अकाउंट सेक्शनने अजून काही कळवलेलं नाही.